तालुक्याचे सेवाक्लब आणि आमचा शेतकरी

दरवर्षीं जुलै महिना लागला, कीं तालुक्याच्या गांवच्या वर्तमानपत्रांत एका ठराविक प्रकारच्या बातम्या येऊं लागतात. अमुक रोटरी क्लबाच्या नव्या अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ झाला, तमुक लायन्स क्लबानें शाळेंत वह्या वांटल्या, कोठें रक्तदान झालें, कोठें टेकडीवर रोपें लाविलीं, कोठें मोतीबिंदूचें शिबिर भरलें. पेरणीच्या घाईंत असलेला शेतकरी या बातम्या वाचतो आणि पान उलटतो. हीं मंडळें म्हणजे शहरांतील व्यापारी, डॉक्टर व वकील यांची हौस, आपला त्यांशीं संबंध नाहीं, असें कांहींस वाटतें. आणि जें फुकट मिळेल तें घ्यावें, अधिक विचार कशाला, असें दुसऱ्या कांहींस वाटतें. आमच्या मतें हे दोन्ही समज शेतकऱ्याच्या हिताचे नाहींत. हीं मंडळें कशीं निघालीं, त्यांचें काम कोठें फळास येतें व कोठें वायां जातें, आणि गांवानें त्यांजकडून काय व कसें मागून घ्यावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

मूळ व प्रसार

अमेरिकेंतील शिकागो शहरांत २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं पॉल हॅरिस नांवाचे वकील आपल्या तिघां परिचितांसह एकत्र बसले. त्या तिघांपैकीं एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर व एक शिंपी होता. एवढ्या मोठ्या शहरांत माणूस माणसास ओळखत नाहीं. तेव्हां निरनिराळ्या धंद्यांतील लोकांनीं नियमानें भेटावें, स्नेह वाढवावा व एकमेकांच्या धंद्यासही हात द्यावा, एवढाच प्रथम हेतु होता. सभा पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरे. या पाळीवरूनच ‘रोटरी’ हें नांव पडलें. दोन वर्षें अशीं गेल्यावर, केवळ आपसांतील लाभावर मंडळ फार दिवस टिकणार नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि शहरांत सार्वजनिक शौचकूप बांधविण्याचा प्रश्न त्यांनीं १९०७ च्या सुमारास हातीं घेतला. आज जगभर नांवाजलेल्या या संस्थेचें पहिलें लोकोपयोगी काम शौचकूपाचें होतें, ही गोष्ट आमच्या ग्रामपंचायतींनीं विसरूं नये.

१९१० सालीं या क्लबांची संख्या १६ होती. आज त्यांचे सभासद सुमारें १२ लक्ष आहेत. हिंदुस्थानांतील पहिला रोटरी क्लब १९१९ सालीं कलकत्त्यास निघाला व मुंबईचा १९२९ सालीं. कलकत्त्याचे नितीश लाहरी हे १९६२-६३ सालीं साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले आशियाई गृहस्थ होत. पुष्कळ वर्षें स्त्रियांस सभासद होतां येत नसे. १९८९ सालीं तो नियम बदलण्यांत आला.

लायन्स क्लबांचा आरंभही शिकागो येथेंच, १९१७ सालीं, मेल्विन जोन्स या विमा-व्यावसायिकाच्या पुढाकारानें झाला. १९२५ सालीं त्यांच्या अधिवेशनांत हेलन केलर या अंध व बधिर विदुषीनें, अंधांच्या कैवारासाठीं तुम्ही उभे रहा, अशी विनंति केली. तेव्हांपासून नेत्ररक्षण हें त्या क्लबांचें मुख्य कार्य ठरलें. आमच्या भागांत नेत्रशिबिर म्हटलें कीं बहुधा लायन्सचें नांव निघतें, त्याचें मूळ हें आहे.

घटना व तिचे गुणदोष

या मंडळांची घटना पाहण्यासारखी आहे. रोटरीचा जुना नियम असा कीं, एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा. तो नियम आतां पुष्कळ सैल झाला आहे. तथापि त्याचा परिणाम अद्यापि दिसतो. एकाच सभेंत डॉक्टर, इंजिनिअर, अडत्या, छापखानेवाला, शिक्षक असे निरनिराळे लोक येत असल्यामुळें, एखादें काम निघालें म्हणजे त्यास लागणारा जाणता माणूस मंडळांतच सांपडतो. सभासद वर्गणी स्वतःच्या पदरची भरतात. सभेचा वार ठरलेला असतो, हजेरी लिहिली जाते, व हिशेब वर्षाअखेर सभेपुढें ठेवावा लागतो. आमच्या गांवांत उत्साहाची उणीव नाहीं. उणीव असलीच तर या तीन गोष्टींची, म्हणजे ठरलेल्या वाराची, हजेरीची आणि हिशेबाची.

परंतु एक दोषही आहे. यांचें वर्ष १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपतें, आणि अध्यक्ष व चिटणीस दरसाल बदलतात. त्यामुळें कोणाची मिरासदारी होत नाहीं हें खरें. पण जुन्या अध्यक्षानें लाविलेल्या रोपांस नवा अध्यक्ष पाणी घालीलच असें नाहीं, कारण त्यास आपल्या कारकीर्दींत नवीं रोपें लावावयाचीं असतात. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. तेथें तलाठ्याची बदली झाली, तर दप्तराची यादी करून चार्ज द्यावा लागतो. कोणती वसुली राहिली, कोणता फेरफार मंजूर व्हावयाचा आहे, हें सर्व कागदावर येतें. मग माणूस बदलला तरी काम थांबत नाहीं. ज्या क्लबांत असा चार्ज दिला घेतला जातो, त्यांचीं कामें टिकतात. जेथें दिला जात नाहीं, तेथें केवळ छायाचित्रें शिल्लक राहतात.

पोलिओच्या मोहिमेचा धडा

माणसें बदलूनही काम न सोडल्यास केवढें यश येतें, याचें उदाहरण पोलिओचें आहे. १९७९ सालीं फिलिपाइन्स बेटांतील मुलांस लस देण्याचें काम रोटरीनें हातीं घेतलें, आणि १९८५ सालीं तोच संकल्प साऱ्या जगासाठीं केला. १९८८ सालीं जागतिक आरोग्य संघटना व निरनिराळीं सरकारें या कार्यांत एकत्र आलीं. त्या वेळीं १२५ देशांत मिळून वर्षास अंदाजें साडेतीन लक्ष मुलें या रोगानें पांगळीं होत असत.

आमच्या देशांत १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. या कामाचा मुख्य भार सरकारी आरोग्य खातें, अंगणवाडीच्या सेविका व पुढें आशा कार्यकर्त्या यांनीं वाहिला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. क्लबांनीं पैसा दिला, वाहनें दिलीं, फलक लाविले, केंद्रांवर स्वयंसेवक बसविले, आणि जेथें लोक लसीविषयीं शंका घेत तेथें वजनदार माणसांकरवीं त्यांची समजूत घातली. लसीच्या कुपीवरील एक लहानशी खूणही येथें सांगण्यासारखी आहे. कुपीवर एक वर्तुळ व त्याच्या आंत फिका चौकोन छापलेला असतो. लसीस उष्णता लागली म्हणजे तो चौकोन काळसर होत जातो. तो वर्तुळाच्या रंगास मिळाला, कीं कुपी टाकून द्यावयाची. यामुळें दूरच्या वाडीवर गेलेल्या साध्या कार्यकर्त्यासही लस चांगली आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळे.

पण यशाचें खरें बीज यादींत होतें. पहिल्या दिवशीं केंद्रावर आलेल्या मुलांस थेंब पाजून डाव्या करंगळीस शाई लावीत. नंतर कार्यकर्ते घरोघर जात. ज्या घरांतील सर्व मुलांस लस मिळाली, त्या दारावर इंग्रजी ‘पी’ अक्षर लिहीत. जेथें मूल घरीं नव्हतें, घर बंद होतें किंवा घरच्यांनीं नकार दिला, तेथें फुली मारीत. आणि फुलीच्या घरीं पुन्हा जात. मूल सांपडेपर्यंत काम पुरें झालें असें धरीत नसत. वीटभट्ट्या, बांधकामें आणि आमच्याकडे साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोडणी टोळ्यांच्या कोप्या, अशा ठिकाणीं वेगळीं पथकें पाठवावीं लागत. कारण फिरत्या माणसाचें नांव कोणत्याच गांवाच्या यादींत नसतें.

२००९ सालीं देशांत ७४१ मुलांस हा रोग झाला. २०१० सालीं ४२. आणि २०११ सालीं केवळ एकास. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत १३ जानेवारी २०११ रोजीं आढळलेला तो शेवटचा रोगी. २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. शेजारच्या पाकिस्तानांत व अफगाणिस्तानांत रोग पुरता हटलेला नाहीं, म्हणून आमच्याकडे लसीकरण चालूच ठेवावें लागतें. शंभरांतील नव्वद घरें झालीं म्हणून त्या कार्यकर्त्यांनीं समाधान मानलें असतें, तर उरलेल्या दहा घरांत रोग दबा धरून बसला असता. शेतांतील हराळी काढणारास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एक कांडी राहिली कीं पुढच्या पावसाळ्यांत सारें रान पुन्हा हिरवें होतें.

सेवेची पारख राहिलेल्या घरावरून करावी, हा या मोहिमेचा धडा होय. तो आमच्या गांवच्या दोन कामांस कसा लागूं पडतो, तें आतां पाहूं.

नेत्रशिबिर

मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें परत येते. डोळ्यांतील गढूळ झालेलें भिंग काढून तेथें कृत्रिम भिंग बसवितात. पूर्वीं शाळेच्या खोलींत वा मांडवांत शस्त्रक्रिया होत. आतां शिबिरांत केवळ तपासणी होते व निवडलेल्या रोग्यांस रुग्णालयांत नेतात, तें योग्यच आहे. क्लब डॉक्टर आणतो, गाडी देतो, चहा-जेवणाची सोय करतो. तरीही ज्यास सर्वांत अधिक गरज आहे तोच बहुधा राहून जातो. शिबिरास येतो तो एका डोळ्यानें तरी दिसत असलेला, चालतां येणारा, मुलगा बरोबर असलेला माणूस. ज्या म्हातारीस दोन्ही डोळ्यांनीं दिसत नाहीं व सोबतीस कोणी नाहीं, ती घराच्या ओसरीवरच बसून राहते. पुष्कळांची साखर वा रक्तदाब वाढलेला निघतो. तो ताब्यांत आणून पुढच्या वेळीं या असें डॉक्टर सांगतात, आणि पुढची वेळ कोणी लक्षांत ठेवीत नाहीं.

येथें गांवाचें काम सुरू होतें. शिबिराच्या महिनाभर आधीं वाडीवस्तीवर फिरून साठ वर्षांवरील माणसांची यादी करावी. नांवापुढें तीन रकाने ठेवावे: सोबतीस कोण जाईल, साखर व रक्तदाब तपासला कीं नाहीं, आणि तपासणीनंतर डॉक्टरांनीं काय सांगितलें. ज्यास सोबती नाहीं त्यास गांवानें सोबती द्यावा. जे राहिले त्यांच्या नांवावर फुली करून ती यादी क्लबाच्या चिटणीसास द्यावी व पुढचें शिबिर कधीं, हें त्याच वेळीं विचारून घ्यावें. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे डोळ्यांत वेळेवर थेंब घालावे लागतात, आणि धूळ, धूर व पाणी यांपासून डोळा जपावा लागतो. म्हणून खळ्याच्या व मळणीच्या दिवसांत शिबिर मागूं नये. सुगी आटोपल्यावरची तारीख मागावी. शहरांतील क्लबास हें आपण होऊन सुचणार नाहीं. तें सांगणें गांवाचें काम आहे.

तळ्यांतील गाळ

दुसरें काम तळीं व पाझर तलाव यांतील गाळ काढण्याचें. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. सेवाभावी संस्थांनीं यंत्र उभें करावें, इंधनाच्या खर्चास सरकारनें हात द्यावा, आणि गाळ शेतकऱ्यानें स्वखर्चानें वाहून न्यावा, अशी तिची मूळ मांडणी होती. पांच वर्षांहून जुन्या व २५० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या तलावांचा तींत मुख्यत्वें विचार होता. वाळू उपसण्यास मात्र पूर्ण मनाई आहे. अशा कामास यंत्राचा खर्च देण्यास कित्येक क्लब पुढें येतात.

या कामाचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यानें मांडून पाहावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास गाळ तळ्यांतून निघाला, म्हणजे सुमारें २,८३० लिटर पाण्यास जागा झाली. एका एकरावर एक इंच जाडीचा थर द्यावयाचा तर ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रासांहून थोडा अधिक गाळ लागतो. ट्रॉलींत एक ब्रास माल मावतो असें धरल्यास छत्तीस-सदतीस खेपा झाल्या. त्या खेपांचें भाडें किती, व तितकी आपली ऐपत आहे कीं नाहीं, हें पाहूनच एकर ठरवावे. गाळ हलक्या, मुरमाड व पाणी न धरणाऱ्या जमिनीस हितकर होय. भारी काळ्या व चिबड जमिनींत तो टाकल्यानें निचरा आणखी मंदावेल. टाकण्यापूर्वीं गाळाचा नमुना माती परीक्षणासाठीं पाठवावा, म्हणजे क्षारांची शंका राहणार नाहीं. टाकलेला थर ढिगांनीं न ठेवतां पसरून वखरानें जमिनींत मिसळून घ्यावा.

येथेंही प्रश्न राहिलेल्या घराचाच आहे. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं यंत्र चोवीस दिवस चाललें. तळें खोल झालें, समारंभ झाला, आणि गाळ कोणाच्या शेतांत गेला म्हणाल तर ज्यांच्या दारांत ट्रॅक्टर उभा होता त्यांच्या. दोन एकरांचा खातेदार, ज्याची जमीन माळाची व ज्यास गाळाची खरी गरज, तो काठावर उभा राहून पाहत होता. क्लबाकडे त्याविषयीं तक्रार नव्हती, कारण कोणी यादीच केली नव्हती. यंत्र येण्यापूर्वीं गट नंबरवार यादी करून, लहान खातेदारांचे ब्रास प्रथम ठरवून, मग उरलेला गाळ मोठ्यांस द्यावा, असा ठराव ग्रामसभेंत झाला असता तर हा अन्याय टळला असता. ज्यांजवळ वाहन नाहीं त्यांच्यासाठीं इर्जिकीची चाल आहेच. एका दिवसाची पेरणी जर सारा गांव बैल जुंपून उरकून देत असे, तर एका दिवसाच्या खेपा चार ट्रॅक्टरवाल्यांनीं द्यावयास काय हरकत आहे?

गांवचें स्वतःचें दल

आपण शेतकरी, आपणांस शहरांतल्या क्लबांत कोण घेणार, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं सभासद व्हावेंच लागतें असें नाहीं. १९८६ सालीं फिलिपाइन्सचे एम. ए. टी. कापारास हे रोटरीचे अध्यक्ष असतां त्यांनीं ग्रामदलाची कल्पना काढली. क्लबाचे सभासद नसलेल्या गांवकऱ्यांनींच आपलें दल स्थापावें, गांवास काय हवें तें त्यांनींच ठरवावें, आणि जवळच्या क्लबानें त्यांस ज्ञान, ओळख व साहाय्य द्यावें, अशी ती कल्पना. पुढें तिचें नांव रोटरी समाजदल असें झालें. देणारा वर व घेणारा खालीं, हा भेद या व्यवस्थेंत कमी होतो, आणि तीच गोष्ट आम्हांस तींत सर्वांत मोलाची वाटते.

असें दल काढण्यास मोठें भांडवल नको. महिन्याचा एक वार, एक हजेरीपट, एक कीर्द आणि एक राहिलेल्यांची यादी, एवढें पुरे. दलांत निदान तीन-चार स्त्रिया असाव्या, कारण कोणत्या घरांत कोण आजारी आहे हें त्यांस ठाऊक असतें. पुढाऱ्यांस अध्यक्ष करण्याच्या मोहांत पडूं नये. निवडणूक आली कीं दल दुभंगतें. क्लबास पत्र लिहितांना ‘आमच्या गांवास मदत करावी’ असें मोघम लिहूं नये. ‘आमच्या यादींत मोतीबिंदूचा संशय असलेलीं सतरा माणसें आहेत, पैकीं पांचांस सोबती आम्ही देतों, गाडी आपण द्यावी,’ असें लिहावें. नेमकें मागणारास नेमकें उत्तर मिळतें, हा आमचा कचेरींतील अनुभव आहे. काम झाल्यावर खर्चाच्या पावत्यांसह हिशेब आपण होऊन क्लबास पाठवावा. पुढच्या वर्षींचा अध्यक्ष नवा असला तरी तो कागद त्याच्यापुढें येईल.

आणि क्लबांतील सज्जनांसही, त्यांच्या हातीं हें मासिक पडल्यास, आमची एक विनंति आहे. गांवांत नवें काम आरंभण्यापूर्वीं मागच्या तीन वर्षांत आपल्याच क्लबानें तेथें काय केलें, हें एकदां पाहून यावें. लाविलेल्या रोपांपैकीं किती जगलीं, शाळेस दिलेलें पाण्याचें यंत्र चालू आहे कीं बंद पडलें, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं कोणाची तपासणी राहिली, हें पाहण्यास एक सकाळ पुरते. त्या एका सकाळींतून कदाचित् नव्या समारंभापेक्षां अधिक सेवा घडेल.

यंदाच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत शेतकरी बंधूंनीं हा विषय अवश्य मांडावा. नेत्ररोग्यांची यादी सुगीपूर्वीं तयार असावी, म्हणजे मळणी उरकतांच शिबिर मागतां येईल. गाळाची यादी माघांत करावी, म्हणजे चैत्र-वैशाखांत यंत्र आल्यावर घाई होणार नाहीं. ज्या गांवांत दल निघेल तेथील मंडळींनीं वर्षाअखेर आपल्या कामाची हकीकत व हिशेब या मासिकाकडे पाठवावा, आणि त्यांत किती जणांचें काम झालें याबरोबर किती जणांचें राहिलें तोही आंकडा न चुकतां लिहावा.